गोदूआत्याची खांड

गोदूआत्याने आयुष्यातली पहिली थाळी रागाने फेकली.

ती खाडीच्या फुटक्या बांधावर चिंबोऱ्या धरत होती. विपुल आणि मी तिच्या समोर, मधल्या पाण्याच्या अलीकडे, आतल्या बांधावर उभे होतो. विपुलच्या हातातली प्लास्टिकची थाळी वाऱ्याने भरकटली आणि थेट तिच्या पाटीवर आदळली. पाटी कलंडली. चिंबोऱ्या वाट फुटेल तिकडे पळाल्या.

"मेल्या, माझ्या चिंबोऱ्या तुजा बापूस भरून देनार काय?"

"आत्या, चुकून झालं! तेवढी डिस्क फेका ना इकडे."

तिने थाळी उचलली. उलटीसुलटी करून पाहिली. मग चिखलात पाय रोवले, कमरेतून वळली आणि सोडली. थाळी आख्खं पाणी ओलांडून आली, विपुलच्या डोक्यावरून गेली आणि मागच्या करंजाच्या बुंध्यावर खाडकन आपटली.

विपुल वळून करंजाकडे बघत राहिला. मीही.

"लागली न्हाय ना?" पलीकडून तिने विचारलं. आवाजात काळजी नव्हती. नेम चुकल्याची हळहळ होती.

त्या हिवाळ्यात विपुलच्या डोक्यात डिस्क गोल्फ शिरला होता. खेळ सोपा आहे. खांबावर साखळ्या लावलेली एक टोपली असते. लांबून थाळी फेकत फेकत तिच्यात टाकायची. कमी फेकींत टाकेल तो जिंकला. अशा एकेका टोपलीच्या वाटेला होल म्हणतात. विपुल पुण्याला नोकरी करताना हे शिकला. नोकरी सुटली, खेळ सुटला नाही.

त्याच्या घरचे ट्रक आहेत, उरणहून माल नेतात. ट्रकच्या जुन्या साखळ्या आणि सायकलच्या रिंगा जोडून त्याने टोपल्या बनवल्या. जागेचा प्रश्न नव्हता. भात कापून झालं की आमची खारी जमीन पावसापर्यंत मोकळी पडते. नुसती खाचरं आणि बांध. लांबवर थळच्या कारखान्याची धुराडी. मी नुकतीच अलिबागच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरात बसून होते. विपुल म्हणाला, "प्रणाली, कथा वाचून झाल्या असतील तर टोपल्या उचलायला चल." मी गेले.

चिंबोऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी गोदूआत्या आपणहून आली. अंगात साडीवर बापाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात कोयता. ती नेहमी तशीच असायची. पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची बाई. आम्ही लावलेले आठ होल तिने चालून पाहिले. मग बांधावर बसली.

"येवढंच?"

"एवढंच म्हणजे? आठ होल झाले, आत्या."

"आठ कसले, एकच हाय. आठदा मांडलायस."

विपुलला लागलं. पण ते खरं होतं. सपाट खाचर, समोर टोपली. पुढचं सपाट खाचर, समोर टोपली.

"मग तुम्हीच सांगा, कसा पाहिजे?"

"भ्या वाटली पायजे. थोडी. आनि वाटा दोन पायजेत. एक भित्र्याची, एक मस्तीची. मस्तीवाल्याला जमलं तर गावभर सांगत फिरंल. न्हाय जमलं तरी सांगत फिरंल."

ती उठली, न लावलेली एक टोपली खांबासकट खांद्यावर टाकली आणि चालू लागली. आम्ही मागून. तिने ती टोपली काल जिथे चिंबोऱ्या धरत होती तिथे, फुटक्या बांधाच्या टोकावर, रोवली.

"आता मारा. माझ्या खांडीवरून."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. भरतीचं पाणी बांध फोडून आत शिरतं आणि मग रोज येत-जात राहतं. गोदूआत्याच्या बांधाला गेलेली खांड एक ट्रक आडवा मावेल एवढी होती. तिच्यातून पाणी तिच्या शेतात पसरायचं. भरतीला शेताचं तळं. ओहोटीला गुडघाभर चिखल. भात कधीच बंद झालं होतं.

त्या खांडीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. कुणी काढत नव्हतं.

आमच्याकडे खांड गेली की गावात हाक फिरते. "घरटी एक!" ती ऐकली की प्रत्येक घरातला एक माणूस फावडं घेऊन निघतो. बांधावर नारळ फुटतो. नारळ फुटला की खांड बुजेपर्यंत कुणी फावडं खांद्याला लावून परत फिरायचं नाही. तसं करणाऱ्याच्या घरी पुढे गाव जात नाही. ज्याच्या घरचा माणूस बांधावर, त्याच्यासाठी गाव बांधावर. सरकारी योजना आल्या-गेल्या, हे टिकलं.

माणूस म्हणजे पुरुष. हे कुणी कधी बोललं नव्हतं. बोलायची वेळच आली नव्हती. ती कोंडाजीच्या घरी आली.

कोंडाजी म्हणजे गोदूआत्याचा बाप. बांधाच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मुलगी सासरहून लवकर परत आली, तेव्हा त्याने तिला घरात घेतलं, शेतात घेतलं. खाडीतला चिखल फावड्याने कापून त्याचे गोळे खांडीपलीकडे फेकायचे असतात. ते त्याने तिला शिकवलं. जमीनही तिच्या नावावर केली. तो गेल्यावर पहिली हाक फिरली, तेव्हा ती त्याचं फावडं घेऊन बांधावर गेली. बांधाचं काम अंबाजी बघतो. त्याने तिला रांगेच्या शेपटालाही उभं राहू दिलं नाही.

"गोदे, घरी जा. घरटी एक म्हंजे गडी."

"गडी न्हाय घरात. मी हाय."

"मग तुझं घर माफ."

पुढच्या पावसात तिचाच बांध फुटला. ती वाट बघत बसली. हाक फिरली नाही. माफ घरासाठी हाक फिरत नाही.

टोपली तिथे लागली तेव्हा तिच्या शेतात तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं गुडघाभर झाली होती. तिवर माजला की जमीन कायमची खाडीची. अजून एखाद-दोन पावसाळे, मग बांध बांधूनही उपयोग नव्हता. हे तिला माहीत होतं, आणि तिने ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

माघापासून रविवारी लोक येऊ लागले. मांडव्याला बोटीने उतरायचे, रिक्षा करून गावात यायचे. सगळे पाठीवर थाळ्यांच्या पिशव्या घेतलेले. मी नवव्या होलवर बसायचे, कोण किती फेकींत पोचला ते ओरडून सांगायला. त्यामुळे मी सगळं पाहिलं.

पहिले आठ होल ते गप्पा मारत खेळायचे. नवव्याला आले की गप्प व्हायचे. आतल्या बांधावरून पलीकडे टोपली दिसायची, उन्हात साखळ्या चमकायच्या. मध्ये पाणी. डावीकडून बांधाबांधाने वळसा होता. तीन फेकी, धोका नाही. सरळ मारलं तर एकच फेक, आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा.

मी पाहिलं की माणूस तिथे उभा राहिला की कळतो. ऑफिसात साहेब असलेला वळसा घ्यायचा आणि वाऱ्याला शिव्या द्यायचा. कॉलेजातली लाजरी मुलगी सरळ मारायची. आणि भरती-ओहोटीने तोच होल दर वेळी वेगळा असायचा. पुनवेच्या दुपारी चकाकतं तळं. अष्टमीच्या दुपारी नुसता चिखल, त्यात चिखलावर जगणारे निवट्या मासे उड्या मारताना. गेल्या रविवारची अक्कल या रविवारी चालत नसे.

ठाण्याच्या एका बँकेत काम करणारी नेत्रा दर रविवारी यायची. दर रविवारी सरळ मारायची. दर रविवारी थाळी पाण्यात.

"वळसा घे की गो बाय," गोदूआत्या पलीकडून ओरडायची. "वळशाला पैसे पडत न्हाय!"

"वळसा आठवडाभर घेते, मावशी!"

आत्या हसली की खांदे हलायचे. ही बाई तिला आवडली होती.

पाण्यात गेलेल्या थाळ्या ओहोटीला गोदूआत्या चिखलातून वेचायची आणि करंजाखाली रचून ठेवायची. पहिल्या रविवारी विपुल त्या न्यायला गेला.

"हात लावू नको. माझ्या शेतात पडल्यात."

"आत्या, लोकांच्या आहेत. पाण्यात गेली की एक फेक दंड, असा नियम आहे."

"दंड तुजा. माझा दंड वेगला. एक थाली, एक पाटी माती. बाहेरचा चिखल कापायचा, डोक्यावरून आनायचा, खांडीत टाकायचा. मग थाली न्यायची."

विपुल कपाळाला हात लावून बसला. मुंबई-पुण्याचे लोक, स्वच्छ बूट घालून आलेले. ते चिखल वाहणार? परत येतील का कुणी?

नेत्राने बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आत्याने कोयत्याने पेंढा कापून तिच्यासाठी चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, वर पाटी. ती चार पावलं गेली आणि पाटीसकट चिखलात बसली. बांधावर हशा उसळला. ती स्वतःही हसत होती. दुसऱ्यांदा उठली आणि पोचवली.

त्यानंतर लोक थाळी पाण्यात गेली की आधी ओरडायचे आणि मग हसायचे. पाटी वाहतानाचे फोटो एकमेकांचे काढायचे. पहिल्या आठ होलना आकडे होते. याला आपोआप नाव पडलं. बोटीवर लोक विचारायचे, "आज भरती किती वाजता आहे, गोदूच्या खांडीला?"

मला वाटायचं, हा तिचा विनोद आहे. शहरी माणसांची गंमत.

पण पहिले काही रविवार ती स्वतःच चुकली. माती खांडीच्या तोंडात टाकायला लावायची आणि दर भरतीला पाणी ती धुऊन न्यायचं. अंबाजी एकदा जाता जाता थांबला. धिप्पाड म्हातारा, मिशा पांढऱ्या.

"गोदे, खाडीला जेवन वाढतेस काय?"

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "बरोबर बोल्ला तो. बापसाने शिकवलेलं इसरले. खांड थोडीथोडी बुजत न्हाय. ती एका ओहोटीत बुजते, न्हायतर बुजत न्हाय."

तेव्हा मला कळलं की विनोद नव्हता.

त्या दिवसापासून माती बांधाच्या टोकावर, टोपलीच्या मागे, रचली जाऊ लागली. ढीग वाढला. खेळणारे त्याला "दंडाचा डोंगर" म्हणू लागले. त्याच्या आडोशाने वारा वळायचा, म्हणून होल आणखी अवघड झाला. लोकांना आणखी आवडला.

डोंगर बांधापेक्षा उंच झाला, तेव्हा अंबाजी परत आला. या वेळी मुद्दाम. बरोबर दोन-चार जण. रविवार होता, खेळ चालू होता.

"विपुल, ती टोपली काढ."

"काका, आत्यांची जागा आहे."

"बांध गावाचा हाय. बांधाला माती लावायची तर गावाला इचारून. हा काय पोरखेळ मांडलाय खांडीत? लोकं हसतात."

गोदूआत्या ढिगावर उभी होती. तिथूनच बोलली.

"हसायला येतात, पन रिकाम्या हाताने येत न्हाय. पाटी आनतात. तू काय आनलंस, दादूस?"

"मी बैठक लावतो. होळीनंतर. तुझा इषय घेतो."

"माझं घर माफ हाय ना? मग माझा इषय कसा घेशील?"

मागच्या जणांपैकी कुणीतरी खाकरलं. अंबाजीच्या मानेवरची शीर दिसू लागली.

"गोदे, लई बोलतेस. बाप व्हता तुझा म्हनून ऐकून घेतो."

"बाप व्हता तवा तू त्याच्याच हाताखाली गोले फेकलेस. कुठला गोला कुठं पडायचा ते मी बघितलाय." ती खाली उतरली. टोपलीच्या खांबाला हात धरून उभी राहिली. "टोपली विपुलची. शेत माझं. पानी कुनाचाच न्हाय. यातलं काय काढतंस ते काढ."

पलीकडच्या बांधावर नेत्राची पाळी होती. ती थाळी हातात धरून थांबली होती. अंबाजीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे. मग पाठ फिरवली.



होळीच्या दुसऱ्या दिवशी तिने विपुलला बोलावलं.

"शेवटचा सामना अष्टमीला ठेव. रविवारीच आलेय."

"अष्टमीला? आत्या, दुपारी पाणीच नसेल. सुक्या खांडीवर कोण घाबरणार? मी पुढच्या अमावास्येच्या भरतीला ठेवणार होतो. फोटो बघा काय येतील."

"अष्टमीला ठेव."

"पण का?"

"मी सांगतंय म्हनून."

विपुल माझ्याकडे वळला. मला कळलं होतं. अष्टमीला भांगाची ओहोटी असते. पाणी मरगळलेलं, कमी येणारं. खांड बुजवायची तर त्याच दिवशी. त्यालाही कळलं असावं, कारण तो बोटाने टोपलीची साखळी हलवू लागला.

"बुजली तर होल गेला," तो म्हणाला. "आत्या, असा होल मी पुण्यात पाहिला नाही. कुठेच नाही. लोक फक्त यासाठी बोटीत बसतात. पुढच्या वर्षी बुजवू. एक वर्ष द्या मला."

तिने त्याला रागावून उत्तर दिलं नाही. शेतात नेलं. ओहोटी होती. तिवराचं एक रोप धरून ओढलं. निघालं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. निघालं नाही.

"मागच्या वरसाला एका हाताने निघत व्हता," ती म्हणाली. "तुझा खेल हाय. माझा भात हाय."

विपुलने सामना अष्टमीला ठेवला.

त्या रविवारी खूप लोक आले. आठ होल सकाळीच संपले. नवव्याला पोचले तेव्हा पाणी उतरत होतं. गोदूआत्या म्हणाली, सगळ्यांनी आधी फेका. एकेकाने फेकलं. नेत्रा शेवटची होती. ती नेहमीसारखी सरळ उभी राहिली. थाळी सुटली, चिखलावरून तरंगत गेली, ढिगाच्या कडेने वळली आणि साखळ्यांत खळ्ळकन अडकली.

मी ओरडले. सगळे ओरडले. नेत्रा मात्र मान हलवत होती.

"धरू नका ही. पाणी नव्हतं."

"चिखल पन माझाच हाय," पलीकडून आवाज आला. "धर गो, प्रणाली!"

मी धरली.

मग आत्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पदराखालून नारळ काढला. आमच्या गावात बांधावर नारळ अंबाजी फोडतो. त्याआधी त्याचा बाप फोडायचा. तिने कुणाकडे पाहिलं नाही. खांडीच्या तोंडाशी असलेल्या दगडावर नारळ फोडला, पाणी खाडीत सोडलं. ढिगावर चढली. गावाकडे तोंड केलं. हात तोंडाशी नेले.

"घरटी एऽऽक!"

मी आजवर ही हाक पुरुषांच्याच आवाजात ऐकली होती. तिचा आवाज फाटलेला होता, जाड होता, आणि तो खाचरांवरून सरळ गेला.

"घरटी एऽऽक! खांड गेलेय! घरटी एऽऽक!"

आधी कावळे उडाले.

मग गावाच्या कडेला एक फावडं दिसलं. मग दुसरं. मला आधी समजेना. पुढे कळलं. हाक कुणाची हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं. म्हाताऱ्यांच्या कानात ती इतकी मुरलेली की कान ऐकतात आणि हात फावड्याकडे जातो. कुणी जेवणावरून उठलेला, हात न धुता. कुणी बनियनवर. सगळ्यांत पुढे अंबाजी होता. धोतर खोचून तो धावत येत होता. त्याच्या वयाचा माणूस एवढा धावू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"कुठं गेली? कुठं गेली खांड?"

"हितं," गोदूआत्या म्हणाली. "सात पावसाले झाले."

तो थांबला. मागचे त्याच्या पाठीवर आदळत थांबले. त्याने तिला पाहिलं. पाट्या घेतलेले शहरातले लोक पाहिले. मग दगडावरची नारळाची भकलं पाहिली.

"कुनी फोडला?"

"मी."

"तुला कुनी सांगितला?"

"आता फुटला, दादूस. फावडं खांद्याला लावून परत जानार असशील तर जा. सगले बघतायत. पुढं तुझा बांध फुटंल तवा कोन येनार न्हाय. ही रीत माझी न्हाय. तुझीच हाय."

मागे एक म्हातारा हलकेच म्हणाला, "अंबाजी, पानी फिरायच्या आत व्हयला पायजे." तो विनेश काका, आयुष्य मिठागरात गेलेला. बोलत असतानाच तो खाली उतरला होता.

अंबाजी उभाच. शिव्या पुटपुटत होता. खाडीला, विपुलला, कलियुगाला. पण फावडं त्याने खांद्यावर नेलं नाही.

"कुठं उभा राहू?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं हे कळू नये अशा आवाजात.

"शेपटाला," गोदूआत्या म्हणाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाजूला खुंट ठोकले गेले, त्यांच्यात पेंढा आणि फांद्या. दोन रांगा लागल्या. एका रांगेत गावचे, एका रांगेत खेळणारे, आणि थोड्याच वेळात कोण कुठल्या रांगेत हे राहिलं नाही. दंडाचा डोंगर पाटीपाटीने खांडीत उतरत होता. ढीग संपला तेव्हा बाहेरून ओले गोळे कापून फेकणं सुरू झालं. हातातून हातात. खांडीच्या तोंडावर शेवटचा गोळा घेणारी आत्या होती. गोळा घ्यायची, कमरेतून वळायची, हवा तिथे मारायची. थप्प. थप्प. पहिल्या दिवशी थाळी करंजाला कशी लागली, ते मला तेव्हा कळलं.

घराघरांतून बायकाही आल्या. हाक त्यांच्यासाठी नव्हती. कुणी त्यांना परत पाठवलं नाही. कुणाला वेळ नव्हता.

शेपटाकडून अंबाजीचा आवाज येत होता. "डावीकडं दाब! डावीकडं गो, आंधली का?"

"दिसतंय मना!"

"दिसतंय तर दाब!"

पाणी फिरलं. हळूहळू बांधाच्या बाहेर चढलं. नव्या मातीला टेकलं. एके ठिकाणी झिरपलं, तिथे चार जण तुटून पडले. मग ते तिथेच थांबलं. आम्ही सगळे बांधावर उभे राहून आतल्या बाजूला बघत होतो. शेतात पाणी आलं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दम उरला नव्हता. अंबाजीने फावडं धुतलं आणि घराकडे चालू लागला. आत्यानेही त्याला हाक मारली नाही.

विपुल त्याच्या टोपलीजवळ बसला होता. टोपली आता धड बांधावर उभी होती. समोर कोरडं शेत. लहान मूलही सरळ मारेल असं.

"संपला," तो म्हणाला.

गोदूआत्या चिखलाने माखलेली त्याच्याजवळ आली. कमरेवर हात ठेवून बांधाच्या लांबीकडे बघत राहिली. मग टोपली उपटली आणि बांधावरूनच लांब, पुढच्या वळणावर नेऊन रोवली. माथ्यावर, जिथे बांध बैलगाडीच्या चाकोरीएवढाच रुंद आहे.

"हितं मारा आता. बांधाबांधाने. डावीकडं शेत, उजवीकडं खाडी. वारा खाडीकडं नेतो."

विपुल उठून उभा राहिला. नजरेनेच अंतर मोजलं. चेहरा बदलत गेला.

"आणि खाडीत गेली तर?"

"एक पाटी. बांधाला माती कवा नको असते?" ती जरा थांबली. "पाऊस सुरू झाला की बंद. मी भात लावनार. शेतात पाऊल टाकलंत तर तंगड्या मोडीन."

नेत्रा तिथेच होती. नव्या बांधावर उभी राहून तळव्याने एक जागा थोपटत होती. "ही माझी पाटी," ती शेजारच्याला सांगत होती. "ही. मी पडले होते ना, त्या दिवसाची." खरं तर ती कुठली हे कुणालाच कळलं नसतं. शेजारचा मात्र त्याची शोधू लागला.

त्या पावसात आत्याने राता लावला, खाऱ्या जमिनीला न घाबरणारं भात. अर्धंअधिक जळलं. मीठ निघायला वेळ लागतो. ती म्हणाली, जळू दे, पुढच्या वर्षी कमी जळेल.

श्रावणात एका सकाळी मी तिच्या ओटीवर चहा पीत होते. रात्रभर पाऊस झाला होता, उधाण होतं. गावात हाक उठली. खालच्या अंगाला, अंबाजीच्याच शेताशी खांड गेली होती. हाक घराघरावरून जवळ येत गेली. ती आजवर आमच्या घरावरून पुढे जाताना गोदूआत्याच्या घरासमोर गप्प व्हायची. मला शाळेत असल्यापासून त्याची सवय होती.

पावलं अंगणात थांबली. अंबाजी होता. डोक्यावर गोणपाटाची खोळ, पाणी निथळत होतं.

"घरटी एक," तो म्हणाला. ओरडला नाही.

गोदूआत्याने कपातला चहा संपवला. शांतपणे. उठली नाही.

"माझ्या घरात गडी न्हाय, दादूस. मी हाय. चालंल?"

पाऊस खोळीवरून गळत होता. अंबाजीने एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिथे नसते तर बरं झालं असतं.

"चल गो," तो म्हणाला. "पानी थांबत न्हाय."

"चालंल का, त्ये बोल."

"चालंल."

मग ती उठली. बापाचा सदरा अंगात घातला. दाराआडून फावडं घेतलं. अंबाजी वळला आणि चालू लागला. ती त्याच्या मागून गेली नाही. भरभर चालत, चिखल उडवत, त्याच्या पुढे गेली.